जहाजाची वाट बघणारे कुठे गेले?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना ओघात ‘मेपलस्टोरी’ या जुन्या गेमचं नाव निघालं आणि त्यातल्या केर्निंग सिटीच्या कोड्याबद्दल मी चार ओळी जास्तीच्या लिहिल्या. एरवी या सदराला प्रिंटर, फुगलेली बॅटरी आणि ‘पेनड्राइव्ह फॉरमॅट मागतोय’ एवढ्यावरच पत्रं येतात. या महिन्यात मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, सगळीकडून एकाच विषयाची. संपादक म्हणाले, होऊन जाऊ दे. तेव्हा प्रिंटरवाल्यांनी एक महिना दम धरावा.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विझेट नावाच्या कोरियन कंपनीनं बनवलेला आणि नेक्सॉननं चालवलेला हा गेम कोरियात २९ एप्रिल २००३ ला सुरू झाला, इंग्रजीत २००५ मध्ये आला. हजारो लोक एकाच वेळी एका दुनियेत फिरतात, गोगलगायी आणि अळंब्या मारून आपलं पात्र मोठं करतात. आत जायला पैसे लागत नाहीत. चित्रं चपटी, बाजूनं दिसणारी, लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकात असतात तशी.

प्रश्न : दादा, २००८ मध्ये प्रथम पीयूसीला, म्हणजे अकरावीला, असताना शहापुरातल्या एका सायबरमध्ये मी मेपलस्टोरी खेळायचो. लेव्हल ४३ चा असॅसिन, म्हणजे चोराच्या जातीचं पात्र, होता माझा. क्लासची फी म्हणून घेतलेले किती पैसे त्या केबिनमध्ये गेले ते अजून घरी सांगितलेलं नाही. आता उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला आहे. परवा रात्रपाळीवरून आलो, झोप येईना, आणि एकदम त्या हिरव्या रानाची आणि तिथल्या जहाजाच्या स्टेशनची आठवण आली. गेम अजून चालू आहे का? माझा असॅसिन परत मिळेल का? आणि खरं सांगा, या वयात परत जाण्यात काही अर्थ आहे का? बायको म्हणते, तुमचं डोकं फिरलंय काय की. — आ. पा., अनगोळ

उत्तर : वहिनींचं म्हणणं अगदीच टाकून देण्यासारखं नाही. पण गेम चालू आहे.

असॅसिनचं मात्र अवघड. तेव्हा आपण युझर आयडी टाकून आत जायचो, आता लॉगिन ईमेलवर चालतं. खातं परत मागायचं तर ज्या पत्त्यावरून नोंदणी केली तो पत्ता अजून तुमच्या हातात पाहिजे. त्या काळातल्या बहुतेकांचा असायचा तसा तुमचाही याहूचा असेल, तर याहू वर्षभर न उघडलेली पेटी बंद करतो. जन्मतारखेवरून ओळख पटवू म्हणाल, तर तीही आपण सगळ्यांनी खोटी घातली होती. मी नवीन पोराला काउंटरवरून ओरडून सांगायचो, “१ जानेवारी १९८० टाक आणि हो पुढं.” आमच्या सायबरमधली निम्मी पोरं कागदोपत्री माझ्यापेक्षा वयानं मोठी आहेत.

होय, २००६ ते २०११ मी काउंटरला होतो. बारा मशीन, तासाला १५ रुपये, अर्ध्या तासाला १०. बीएसएनएलच्या ज्या प्लॅनवर ते सगळं चालायचं त्यात रात्री २ ते सकाळी ८ एवढा वेळ डाउनलोडची मोजणी नसायची. गेमचा नवीन पॅच आला की मी तिथंच सतरंजी टाकून झोपायचो, दोनला गजर लावून डाउनलोड चालू करायचो आणि सकाळी बाराही मशीनवर एकेक करून चढवायचो. मालकाला वाटायचं पोरगा काय कामसू आहे. आई डबा घेऊन यायची. एकदा माझ्या मागं उभी राहून तिनं पाच मिनिटं पडदा बघितला. मी गेममधल्या हेनेसिस गावाच्या बाहेर केशरी अळंब्या मारत होतो. “अळंब्यास्नी का मारालास रे?” तिनं विचारलं. ती खानापूरकडची. पावसाळ्यात रानात पहिल्या अळंब्या उगवल्या की तिच्या माहेरी सण. मी म्हटलं, लेव्हल वाढते. ती म्हणाली, “आणि भाजी कोण करतंय?”

असो. तुम्ही विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी ऐकीव देत नाही. गेल्या जुलैत, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता त्या आठवड्यात, मी स्वतः परत जाऊन आलोय.

पहिला धक्का वेगाचा. आठवतंय का, पहिल्यांदा आपण मेपल आयलंडवर असायचो, शंख फेकून गोगलगायी मारायचो, आणि १५० मेसो (गेममधले पैसे) साठले की बोटीनं लिथ हार्बरला यायचो? ते १५० मेसो गोळा करताना आपला जीव जायचा. लेव्हल १० ला चोर, नेमबाज किंवा योद्धा व्हायचं, जादूगाराला ८ पुरायची, आणि ३० ला दुसरं रूप. ३० गाठायला मला मे महिन्याची सबंध सुट्टी लागली होती. या जुलैत मी जेवण करून साडेनऊला बसलो आणि झोपायच्या आधी ३० पार झाली. काही विशेष केलं नाही. पडद्यावरचा दिवा लुकलुकला की दाबायचा, गेम स्वतःच पुढच्या जागी नेऊन सोडतो.

हे काही कालपरवा झालेलं नाही. डिसेंबर २०१० मध्ये इंग्रजी आवृत्तीत ‘बिग बँग’ नावाचा मोठा बदल आला. नकाशे नव्यानं रचले, लेव्हलचं गणित सोपं केलं. तिथून पुढं दर वर्षी रस्ता आणखी गुळगुळीत होत गेला. कंपनीचं तर्कशास्त्र समजण्यासारखं आहे. जुने खेळाडू सगळे वर जाऊन बसलेले, खालची गावं ओस. नवीन माणसाला एकट्यानं सहा महिने अळंब्या मारायला लावल्या तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. म्हणून त्याला उचलून माणसं जिथं आहेत तिथं नेऊन सोडायचं. आपल्या वेळी २०० ही शेवटची लेव्हल होती, तिथं पोचलेला माणूस प्रत्यक्ष बघितलेला कुणी माझ्या ओळखीत नव्हता. आज २०० ला पाचवं रूप मिळतं, २६० ला सहावं, शेवट ३०० ला आहे. म्हणजे आपण ज्याला डोंगराचा माथा समजत होतो तिथं आता पायथ्याचा बसस्टॉप आहे.

दुसरा धक्का जहाजाचा, आणि तुमच्या पत्रात त्याचाच उल्लेख आला म्हणून मी एवढं लिहीत बसलोय.

एलिनियाच्या रानातून ऑर्बिसला जाणारं जहाज. तिकीट काढायचं आणि स्टेशनवर थांबायचं. पंधरा मिनिटांनी एक जहाज. सुटलं की पुढच्याची वाट. आत बसल्यावरही दहा मिनिटांचा प्रवास, त्यात मध्येच एखाद वेळी तांबडा ‘बालरॉग’ राक्षस उडत यायचा आणि आपल्यासारखी खालच्या लेव्हलची मंडळी धावत केबिनमध्ये घुसायची. बाहेर सापडला तो मेला, परत एलिनियात. तासाला १५ रुपये मोजणाऱ्या पोराच्या दृष्टीनं या पंचवीस मिनिटांची किंमत सव्वासहा रुपये होते. मी त्या वेळी हिशोब मांडला होता आणि कंपनीला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या होत्या.

पण त्या स्टेशनवर काय चालायचं ते आठवा. करायला काहीच नसायचं. म्हणून लोक बोलायचे. कोण ब्राझीलचा, कोण फिलिपीन्सचा, सगळ्यांचं इंग्रजी आपल्याइतकंच दिव्य. कुणी ओमोकचा डाव मांडायचा. ओमोक म्हणजे कोरियातला पाच सोंगट्या एका रेषेत आणायचा खेळ. गेममध्येच चिखलगोळ्याच्या आणि अळंबीच्या सोंगट्या गोळा करून त्याचा पट मिळायचा. मी अर्धा ओमोक ऑर्बिसच्या जहाजाची वाट बघत शिकलो. आपल्या सीबीटी बसस्टँडवर खानापूरची गाडी लागेपर्यंत जे चालतं तेच. शेंगा खाणारे, पेपर उसना मागणारे, ‘ही लोंढ्याला जाते काय हो’ विचारणारे. गाडी वेळेवर आली तर यातलं काहीच होत नाही.

जुलैच्या त्या रात्री मी मुद्दाम चालत चालत तिथं गेलो. चालत जायची गरज नव्हती, गाईड उघडून क्लिक केलं की माणूस पाहिजे त्या ठिकाणी पोचतो. स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं. मी आपला खुर्ची टाकून बसलो. आठ-दहा मिनिटांनी एक झगमगीत पात्र आलं. पंख, डोक्यावर चक्र, मागं तीन पाळीव प्राणी. माझ्याभोवती दोन उड्या मारल्या आणि इंग्रजीत विचारलं, “वाट चुकलास का?” मी लिहिलं, जहाजाची वाट बघतोय. तो थोडा वेळ गप्प. मग त्यानं मला नीट, एकेक पायरी करून, जहाजाशिवाय ऑर्बिसला कसं जायचं ते समजावलं. मुलगा चांगला होता. मी आभार मानले. तो गेला.

आणि समजा तुमचा असॅसिन सापडलाच, तरी तो ज्या दुनियेत होता तिथं नसेल. २००८ मधल्या कितीतरी दुनिया माणसं कमी झाल्यावर एकमेकींत मिसळून टाकल्या. आधी पत्रक काढलं, सर्व्हर बंद ठेवला, उघडला तेव्हा विलीनीकरण झालेलं. हे मी वाचलं तेव्हा चहाचा ठसका लागला. आपण हाच शब्द १९५६ पासून भिंतीवर रंगवतोय, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि हे लोक देखभालीच्या वेळेत उरकून मोकळे.

तर, जावं का? जा. फक्त असॅसिनच्या मागं लागू नका, नवीन पात्र काढा. दुनिया निवडताना ‘हिरोइक’ प्रकारातली घ्या. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ‘रीबूट’ नावानं सुरू झालेला हा प्रकार. तिथं खेळाडूंनी एकमेकांना वस्तू विकायच्या नाहीत, जे पाहिजे ते स्वतः मारून मिळवायचं. बाजार नसल्यामुळे श्रीमंत पोराचा धाक नाही. चाळीसच्या वर पात्रप्रकार आहेत, त्यात रात्रपाळीनंतर डोकं न लावता खेळता येईल असं काहीतरी सापडेल. दोन-तीन आठवडे मजा येईल. हेनेसिसचं संगीत तेच आहे. ते ऐकल्यावर मला चक्क त्या सायबरमधल्या ओल्या सतरंजीचा वास आला, खोटं सांगत नाही.

ज्यांना संथ, बिग बँगच्या आधीचाच गेम पाहिजे असे लोक कोरियातही कमी नाहीत. नेक्सॉनच्याच ‘मेपलस्टोरी वर्ल्ड्स’वर लोकांनी ‘मेपललँड’ नावानं जुना गेम पुन्हा उभा केला आणि त्याला तिथं गर्दी झाली. म्हणजे जहाजासाठी ताटकळत बसायची हौस असलेले आपण दोघंच नाही. वहिनींना हे जरूर दाखवा.

प्रश्न : माझ्याकडं ४ जीबी रॅमचा, विंडोज ७ चा लॅपटॉप आहे. मेपलस्टोरी चालेल का? — एक विद्यार्थी, संकेश्वर

उत्तर : नाही. हा गेम मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान, आणि स्टीमनं विंडोज ७ ला जानेवारी २०२४ पासून हात जोडलेत. मशीन ६४-बिटचं असेल तर रॅम ८ जीबी करा, एसएसडी बसवा, विंडोज १० किंवा ११ घाला. त्या लॅपटॉपचा बाकीच्या कामालाही जीव वाढेल. चित्रं चपटी आहेत म्हणून गेम हलका असेल असं समजू नका, वीस वर्षांचा पसारा आहे त्यात. आणि सर्व्हर सातासमुद्रापार, त्यामुळे बटण दाबल्यावर तलवार जराशी उशिरा फिरते. सवय होते.

प्रश्न : दादा, मुलगा द्वितीय पीयूसीला आहे. माझ्या फोनवरून स्टीमच्या वॉलेटमध्ये महिन्याभरात चार हजार तीनशे रुपये गेले. विचारलं तर म्हणतो, “गेम फुकट आहे आई, मी फक्त क्यूब घेतले.” फुकटच्या गेममध्ये एवढे पैसे कसे जातात? सरकारनं बंद केलेला ऑनलाइन जुगार तो हाच काय? — एक आई, निपाणी

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही, आणि तुमचा संशयही चुकीचा नाही.

आधी कायद्याचं. २०२५ च्या कायद्यानं बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर. इथं पैसे लावतात, पण परत येत नाहीत. जिंकलंच तर पडद्यावरची तलवार थोडी जास्त धारदार होते.

आता क्यूब म्हणजे काय ते सांगतो. मुलाच्या पात्राकडं समजा एक टोपी आहे. त्या टोपीवर तीन ओळी असतात: ताकद इतकी वाढते, नशीब इतकं वाढतं, असं. क्यूब वापरला की त्या तीनही ओळी पुसल्या जातात आणि नवीन येतात. चांगल्या येतील, वाईट येतील. वाईट आल्या की आणखी एक क्यूब. दोन ओळी मनासारख्या आल्या आणि तिसरी हुकली की काय होतं ते निपाणीच्या माणसाला मी सांगायला नको. कर्नाटकात २००७ मध्ये लॉटरी बंद झाल्यावर आमचे एक मामा तिकिटासाठी कागलला जायचे. एसटीचं भाडं तिकिटापेक्षा जास्त. दर वेळी एकाच आकड्यानं हुकायचं.

आणि लॉटरीत निदान सोडतीचा आकडा पेपरात छापून यायचा. इथं तेही नव्हतं. कोरियाच्या स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉनला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. आपल्या हिशोबानं सत्तर कोटी रुपयांच्या आसपास. कारण हेच क्यूब. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे २०१० पासून लोकांना हव्या असलेल्या ओळी येण्याची शक्यता गुपचूप कमी केली होती, आणि २०११ पासून काही जोड्यांची शक्यता शून्यावर आणली होती. शून्य! लोक वर्षानुवर्षं क्यूब विकत घेत होते आणि जे मागत होते ते पेटीत ठेवलेलंच नव्हतं. त्यानंतर २२ मार्च २०२४ पासून तिकडं अशा वस्तूंची शक्यता जाहीर करणं कायद्यानं सक्तीचं झालं.

मुलाला रागावण्याआधी हा परिच्छेद त्याला वाचायला द्या. पीयूसीला गणित असेल तर त्याला कळेल.

मग दोन कामं करा. तुमच्या यूपीआयचा पिन बदला, आणि स्टीमवर कार्ड साठवलेलं असेल तर ते काढून टाका. आणि मुलाला खेळायचंच असेल तर वर लिहिलेल्या हिरोइक दुनियेत खेळ म्हणा. तिथं क्यूब गेममधल्याच मेसोनं घ्यावे लागतात, खऱ्या पैशानं मिळत नाहीत. कपड्यांच्या बंद पेट्या मात्र तिथंही विकतात, तेवढं लक्ष ठेवा. मी त्या पाच वर्षांत गेममध्ये एक रुपया घातला नाही. सभ्यपणा म्हणून नाही हो, कार्डच नव्हतं.

प्रश्न : फेसबुकवर एकजण जुन्या मेपलस्टोरीच्या खासगी सर्व्हरची लिंक देतोय. अँटीव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा म्हणतो. करू का? — र., खानापूर

उत्तर : जो माणूस तुमच्या घरी येण्याआधी कुत्रं बांधायला सांगतो त्याला एरवी आपण चहा देतो. इथं देऊ नका. कंपनीच्या परवानगीशिवाय चालवलेला सर्व्हर आज आहे, उद्या नाही. पात्र गेलं तर तक्रार कुणाकडं करणार? पण खरी भीती वेगळी. ज्या मशीनवर तुम्ही बँक उघडता त्याच मशीनवर अँटीव्हायरस बंद करून अनोळखी माणसाची फाइल चालवायची म्हणजे घराची किल्ली देऊन यात्रेला जाणं झालं. जुन्या गेमच्या नावाखाली टाइप केलेलं सगळं चोरून पाठवणारे प्रोग्राम मी दुकानात दोनदा साफ केलेत. दोन्ही वेळा मालक म्हणाला, मी काहीच केलं नाही.

प्रश्न : स. न. वि. वि. आपले सदर मी प्रिंटरच्या शाईसाठी वाचतो, खेळात मला गम्य नाही. तथापि मागील अंकातील आपल्या उत्तरात गणिती चूक आहे. आपण लिहिले की सहा पिंपांपैकी योग्य तीन पिंपांवर तिघांनी उभे राहायचे असते व त्याचे २४ प्रकार होतात. सहातून तीन निवडण्याचे प्रकार २० होतात. मासिकात छापून येणारी संख्या तपासून द्यावी. — एक निवृत्त गणित शिक्षक, टिळकवाडी

उत्तर : सर, चूक मान्य. २० च. पण २४ कुठून आले ते आठवायला मला दोन दिवस लागले, आणि आठवलं तेव्हा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वाचकांसाठी: केर्निंग सिटीत लाकेलिस नावाच्या बाईशी बोलून चौघांनी आत जायचं. बरोबर चौघंच, लेव्हल २१ ते ३०, तीस मिनिटांत संपवायचं. एका चॅनलवर एका वेळी एकच टोळी आत, म्हणून दाराशी माऊस तुटेपर्यंत क्लिक करणारी झुंबड. आत दुसऱ्या टप्प्यात चार दोर, त्यातल्या बरोबर तीन दोरांवर तिघांनी लोंबकळायचं. चौथा, म्हणजे पुढारी, खाली उभा राहून क्लोटो नावाच्या गेममधल्याच पात्राला विचारणार, बरोबर का? नाही म्हटलं की जागा बदला. चार दोरांचे प्रकार चार. तिसऱ्या टप्प्यात पाच फळ्या, प्रकार दहा. चौथ्यात सहा पिंपं, प्रकार वीस. आमच्याकडं प्रथम पीयूसीला ‘काँबिनेशन्स’ शिकवायला घ्यायच्या आधी ही चार-दहा-वीसची माळ सायबरमधल्या प्रत्येक पोराला पाठ होती. कागदावर ओळीनं लिहून घ्यायची आणि एकेक खोडत जायची.

१ नोव्हेंबर होता, २००७ किंवा २००८. तुम्हाला त्या दिवसाचं बेळगाव सांगायला नको. इकडं काळ्या दिनाची सायकल फेरी, तिकडं राज्योत्सवाची मिरवणूक. मालकानं शटर अर्धं खाली ओढून ठेवलेलं, बाहेरच्या घोषणा दोन्ही भाषांतल्या, आत चार मशीन चालू. वडगावच्या विणकराचा मुलगा, शहापुरातल्या एका सराफाचा, सदाशिवनगरचा एक कानडी मुलगा आणि मी. पुढारी कानडी होता, कारण क्लोटोशी बोलायला पुरेसं इंग्रजी त्यालाच यायचं. कागद-पेन विणकराच्या पोराकडं. शहापुरातून वडगावला जाताना काढलेल्या बसच्या तिकिटाची पाठ, त्याच्यावर बारीक अक्षरात १२३, १२४, १२५.

पिंपांच्या टप्प्यावर पुढारी घाईला आला आणि कानडीतून ओरडायला लागला. “हत्तु! हत्तु!” कानडीत ‘हत्तु’ म्हणजे चढ. आणि कानडीत ‘हत्तु’ म्हणजे दहा. तो सराफाच्या पोराला पिंपावर चढ म्हणत होता. विणकराच्या पोराला वाटलं दहावा प्रकार घ्या म्हणतोय. तो कागदावर परत दहाव्या ओळीवर गेला. तिथून चार प्रकार आम्ही दुसऱ्यांदा केले आणि त्यानं इमानदारीनं दुसऱ्यांदा लिहिलेही. मग भांडण. मराठीतून एक, कानडीतून एक, आणि दोघं पिंपावर तसेच उभे.

त्या तिकिटाच्या पाठीवर २४ ओळी भरल्या होत्या, सर. तेच डोक्यात राहिलं.

तेविसाव्या ओळीला क्लोटो नाही म्हणाला. म्हणजे वीसपैकी एकोणीस संपले, उरलेला एकच, तोच बरोबर असणार हे तुमच्या गणितानं सिद्ध झालेलं. तिघं उड्या मारत आपापल्या पिंपाकडं निघाले, आणि लाईट गेली. यूपीएस दोन वेळा पीं पीं करून बंद पडला. बारा काळे पडदे, अर्ध्या शटरखालून येणारा उजेड, आणि त्या उजेडात विणकराचं पोर तिकीट डोळ्यांजवळ धरून म्हणतंय, “४५६ च होतं की रे.”